शर्यतीच्या गाडीचे पुढचे पाय

१९७१ सालच्या पावसाळ्यात आमची गाय लिंबाखाली तात्पुरत्या पत्र्याच्या आडोशाला बांधलेली होती आणि तिच्या गोठ्यात शर्यतीची मोटार राहत होती.

वडील देवळाली प्रवऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात वर्कशॉपचे फोरमन होते. गळीत हंगाम संपला की कारखान्याची चाकं थांबत. वडिलांचे हात थांबत नसत. नगरच्या छावणीत एका जुन्या बंगल्याच्या आवारात, बाभळीच्या काट्यांत रुतलेली ही गाडी त्यांना दिसली आणि त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. छत नाही, दारं नाहीत, लांबलचक नाक आणि एकच आसन. कोण्या साहेबाने ती कधीकाळी पळवली होती म्हणे. आता तिचा पुढचा भाग असा खचला होता, की ती कुणापुढे तरी गुडघे टेकून बसली आहे असं वाटे.

आईचा कायदा एवढाच होता : "गाय व्यायच्या आत हे धूड सोताच्या पायांनी गोठ्याभायेर निघालं, तर अंगनात ऱ्हाईल. न्हाई निघालं, तर भंगारवाला."

गायीचे दिवस भरत आले होते. वडील "बरं" म्हणाले. कारखान्यात ज्यांच्या आवाजाने फिटर दचकत, ते आईपुढे एवढंच म्हणत.

मी तेव्हा पुण्याहून एम.ए.ची परीक्षा देऊन आले होते. दोन वर्षं कवितेतले लघु-गुरू मोजत बसलेल्या मुलीच्या हातात वडिलांनी पाना दिला आणि मी गाडीच्या पोटाखाली सरपटले. रॉकेल, गंज आणि जुनं शेण यांचा तो एकत्र वास इतका दाट होता, की जिभेवर त्याची चव येई. पोलादाचे दोन लांब दांडे, शिडीसारखे आडव्या पट्ट्यांनी सांधलेले : हा गाडीचा सांगाडा. पुढे त्या दांड्यांची टोकं शिंगांसारखी खाली वळलेली. त्या शिंगांना कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे पाटे टांगलेले, पाट्यांना आस आवळलेला आणि आसाच्या दोन टोकांना चाकं. सगळं भाराचं दुखणं या एवढ्याशा जागेत साठलं होतं. पाटे तुटले होते, आसाच्या खुंट्या झिजून सैल झाल्या होत्या. शिंगं मात्र धडधाकट आहेत, अशी वडिलांची खात्री होती.

एका सकाळी आई गव्हाण हलवायला गोठ्यात आली. हातात विळा होता. जाता जाता तिने विळ्याची मूठ उजव्या शिंगावर आपटली. ठण्णऽऽ. तो नाद गोठ्याच्या आढ्यापर्यंत गेला. मग डाव्यावर. ठप्.

"ह्ये फुटकं हाय," ती म्हणाली.

"अगं, वरचा रंगसुद्धा उडालेला नाही," वडील म्हणाले.

"मडक्यालाबी रंग असतोच की. बाजारात आमी वाजवून घेतो. तुमी बघून घेतलं व्हय?"

वडिलांनी शिंगावरचा रंग खरवडला, त्याला रॉकेल चोळलं, पुसून कोरडं केलं आणि वर चुन्याचा पातळ हात फिरवला. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. पांढऱ्या चुन्यावर हळूहळू केसाएवढी ओली, काळी रेघ उमटत गेली. भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या पिटल्या. आजार सापडल्याबद्दल टाळ्या पिटणारी मी एकटीच होते. वडील आईकडे अशा नजरेने पाहत होते, की ती चिडलीच.

"बघता काय? मी मदत न्हाई केली. फुटकं हाय म्हनलं फकस्त."

भेग सांधून, वर पट्टी ठेवून, लाल तापवलेले रिवेट ठोकायला आणि आसाच्या खुंट्या बदलायला आठवडा गेला. आता पाटे. ते घडवायला वडिलांनी राहुरीचे एक लोहार आणले. टांग्याच्या कमानी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. भाता घेऊन ते आमच्या अंगणातच बसले. मालट्रकच्या मोडक्या पाट्यांतून त्यांनी नवे पाटे कापले. लोखंड डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाला आलं, की ते आईच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या करडईच्या तेलात बुडवत. चर्रर्र असा आवाज होई, निळा धूर उसळे आणि कारखान्याच्या साऱ्या वसाहतीवर भज्यांचा वास पसरे. शेजारणी कुंपणापाशी जमल्या.

"काय तळताय वो?"

"मोटार तळतोय," आई आतून ओरडली. "या जेवायला!"

पाटे जोडण्याच्या दिवशी वडील कारखान्यात होते. मी पाने देत गेले, लोहारकाका आवळत गेले. संध्याकाळी वडील आले, गाडीखालचे ठोकळे काढले आणि आम्ही श्वास रोखून पाहू लागलो. गाडी बसली नाही. तिचं नाक तसंच वर राहिलं, लग्नात रुसलेल्या मामीसारखं. वडिलांनी शिंगावर उडी मारली. तसूभरही फरक नाही.

"काका, किती पाटे घातले?"

"नऊ."

"मी सात सांगितले होते."

"तुमी एकाच मानसाची गाडी म्हनला हुता, फोरमनसाहेब. म्हनून म्या दोन वाढवलं. वैनी बसनार, ताई बसनार, वर सामानसुमान..."

"अहो, यात सीटच एक आहे!"

"सीट आसंल एक," काका शांतपणे म्हणाले. "मानूस येकटा जातो व्हय कुटं?"

नेमकी किती माणसं बसली म्हणजे ही कमान वाकते, ते तरी पाहू, असं मीच सुचवलं आणि नाकावर जाऊन बसले. मग काका. मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या शेजारणी, एकेक करून, पदर सावरत, एकमेकींना चिमटे काढत. सातवं माणूस चढलं तेव्हा गाडीने एक मऊ उसासा टाकला आणि नाक बेताचं खाली आलं. आम्ही सातही जण हसून हसून हलत होतो आणि आमच्याखाली ती कमानही हलत होती : एक गुरू, दोन लघू, एक गुरू.

तेवढ्यात लिंबाखालून आईची हाक आली. "कास ताठली हाय! आज व्यानार ही. गोठा मोकळा करा!"

हसू जागच्या जागी थिजलं. वडिलांनी शेजारणींना खाली उतरवलं. सगळं पुन्हा ठोकळ्यांवर घेतलं. पाटे आवळणारे पट्टे सोडले, दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले, पुन्हा आवळले. बोटांना तेल लागून बोल्ट निसटत होते. गायीचं हंबरणं कानावर येत होतं. दर हंबरण्याला वडील "झालं, झालं" म्हणत. गायीला की आईला, कळत नव्हतं.

ठोकळे निघाले. नाक वाकलं, थरथरलं आणि जिथे हवं तिथे थांबलं.

इंजिन अजून उघडंच होतं, ब्रेकांना हात लागला नव्हता. अंगणाचा उतार संपतो तिथे, उसाच्या गाडीवाटेवर, वडिलांनी पाचटाचा मोठा ढीग रचून ठेवला होता. स्टिअरिंगवर मी बसले. सगळ्यांनी ढकललं. पुढची चाकं गोठ्याच्या दगडी उंबऱ्यावर चढली. मी दात आवळले. पण दणका आलाच नाही. गाडीने दगड गिळला, खाली झुकली, वर आली आणि निघाली. वारा पापण्यांत शिरला. डाव्या-उजव्या चाकांचे खड्डे मला तळहातांत वेगवेगळे वाचता येत होते. मी ओरडत होते, पण काय ते मला आजही सांगता येणार नाही. मग पाचटात भस्सकन शिरून गाडी थांबली आणि माझ्या केसांत, तोंडात, ब्लाउजमध्ये पाचटच पाचट झालं.

आई कमरेवर हात ठेवून उताराच्या डोक्यावर उभी होती.

"भायेर निघाली, खरं हाय," ती म्हणाली. "पन मी अंगनात म्हनलं हुतं. ही तर शिवारात गेली."

पुन्हा सगळे धावले. चढावर ढकलायची म्हणजे चाक धरायला हलकं माणूस हवं, आणि माझा तर डोळाही पाचटातून उघडत नव्हता. वडिलांनी आईकडे पाहिलं. आईने गायीला गोठ्यात नेऊन बांधलं, हात धुतले, पदर खोचला आणि कुणाकडेही न पाहता त्या एकुलत्या आसनावर जाऊन बसली. सगळ्यांनी मिळून तिला वर ढकललं. "डावीकडं खड्डा हाय, आंधळं झालात का?" असं ती ढकलणाऱ्यांनाच सुनावत होती. गाडी खड्ड्यात उतरली आणि अलगद बाहेर आली, तेव्हा मात्र तिच्या तोंडून "अगं बया!" निघालं आणि तिने ते लगेच खोकल्यात बुडवलं.

गाडी अंगणात उभी राहिली. वडील धापा टाकत बाजूला झाले आणि निकालाची वाट पाहू लागले. आई उतरेना. तिने मला हाक मारली.

"गाय बसली का गं?"

मी गोठ्यात डोकावले. "नाही. उभीच आहे. अजून वेळ दिसतोय."

आईने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं.

"मग सोडा आनखी येकदा."