उजव्या खांद्याचं माप

रशीदभाई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी आमच्या पेहराव संग्रहालयात शाळेच्या मुलींना नऊवारीच्या निऱ्या दाखवत होते. "बाई, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी निऱ्या हातात धरून तशीच उभी राहिले... त्याला आता दोन महिने होतील.

संग्रहालय म्हणजे फार काही नाही. राजारामपुरीतल्या दोन खोल्या आणि गल्लीचा उत्साह. जुन्या कोल्हापुरात कोण काय घालत होतं, ते पुतळ्यांवर दाखवायचं. खरे कपडे बहुतेक घरांतून कधीच बोहारणीच्या टोपलीत गेलेले. म्हणून घरच्यांना विचारून तसेच नवे शिवायचे, आणि ते काम रशीदभाईंचं. आपलं शिवणाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते गडमुडशिंगीहून रोज आमच्याकडे यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सुनावलं, "पुतळ्याचं माप मी घ्येत न्हाय. माणसाचं सांगा." मग गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांची उलटतपासणी सुरू. वाकून चालायचा का? पान कुठल्या खिशात ठेवायचा? एका दूधवाल्या आजींच्या चोळीची उजवी बाही त्यांनी सैल ठेवली. का, तर "किटली त्याच हातानं उचलायची न्हवं? दंड भरलेला आसणार की." आजींची नात ती बाही कुरवाळत रडली होती.

माझे आप्पा शहर बसचे कंडक्टर. त्यांचा खाकी कोट संग्रहालयात असावा हा माझाच हट्ट. आप्पा गेले तेव्हा मी चौथीत होते. घरात त्यांचा एकच फोटो, स्टुडिओत काढलेला, छाती पुढे काढून ताठ उभे. तोच मी रशीदभाईंना दिला. त्यांनी पाहिला, परत केला आणि या वेळी एकही प्रश्न विचारला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी कोट पुतळ्यावर चढला आणि माझं डोकं फिरलं. उजवा खांदा चांगला दोन बोटं खाली! पाहुणे यायच्या बेतात होते. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "रशीदभाई, आता दिसत नसेल तर सांगा तसं."

"बाई, त्ये मुद्दाम केलंय. आप्पांच्या बशीतनं मी रोज येत हुतो. तिकिटाच्या पिशवीच्या वज्यानं त्यो खांदा..."

"माझे वडील मला ठाऊक, की तुम्हाला?"

त्यांनी कोट पुतळ्यावरून उतरवला. मग हळूच म्हणाले, "तुमास्नीच की." कोट घेऊन आतल्या खोलीत गेले. तासाभरात दोन्ही खांदे सरळ. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

दिवाळीत माझी थोरली बहीण, अक्का, मिरजेहून आली. कोटाच्या खांद्यांवरून हात फिरवून म्हणाली, "आप्पांचा नव्हे हा. त्यांचा उजवा खांदा उतरलेला असायचा. रात्री आई शेकायची, आठवत नाही?" मला आठवत नव्हतं. मी धाकटी, लवकर झोपणारी. माझे आप्पा म्हणजे तो फोटोच.

त्यानंतर रशीदभाई रोज भेटत होते. रोज ठरवायची, आज म्हणायचं, 'चुकलं माझं, तो खांदा पुन्हा उतरवा.' पण आयुष्यभर शाळेत मुलांना चूक कबूल करायला लावणाऱ्या बाईची जीभ काही रेटली नाही. ते चहा प्यायचे, सुईत दोरा ओवायचे, हसायचे. मी उद्यावर ढकलत राहिले... आणि उद्या त्यांच्या सुनेचा फोन आला.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआला त्यांच्या घरी जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी कोट उतरवला. म्हटलं, जमेल तसा आपणच खांदा उतरवू. कात्रीनं अस्तर उसवलं. आत रशीदभाईंनी काहीच कापलं नव्हतं. त्यांनी शिवलेला उतरता खांदा जसाच्या तसा होता. त्यावर नुसती कापसाची एक उशी ठेवून तो उंच केला होता, आणि ती उशी पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब कच्च्या टाक्यांनी अडकवली होती. खाकीवर पांढरा दोरा, दोरा संपला तिथं गाठसुद्धा नाही. असे टाके टेलर नंतर काढण्यासाठीच घालतो.

मी दोरा ओढला. एका ओढीत सगळा निघून आला.