ताईचे सहा गाऊन

माझे भावोजी शिंपी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. मी त्यांच्याकडे राहून काज-बटणं करायची आणि तोंड चालवायची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ताई गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायची.

ताईला खाज सुटायला लागली तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं. आधी पोटऱ्या, मग पाठ, मग सगळं अंग. पुरळ नाही, गांधी नाहीत. गरम पाण्याने आंघोळ केली की जास्तच. ती दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहायची आणि मी म्हणायची, "ताई, चौकट झिजेल हं."

त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मग खरजेचं औषध, तेही तिघांना. साबण तीनदा बदलला. शेवटी त्यांनीही हात टेकले. शिंप्याच्या घरात मग दोष कापडाचाच निघणार. "टाके टोचतायत हिला," भावोजी म्हणाले, आणि धुऊन धुऊन मऊ केलेल्या सुती कापडाचा गाऊन शिवला, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. दोन दिवस ताई म्हणाली, बरं वाटतंय. त्यांचं मन राखायला म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी नखं पुन्हा सुरू झाली.

दीड वर्षात असे सहा गाऊन झाले. दर वेळी नवं माप, कारण सैल कापड अंगाला घासतं असं त्यांचं म्हणणं. टेप कमरेभोवती फिरवायचे, आकडा वहीत लिहायचे आणि मागच्यापेक्षा थोडं आत घ्यायचे. ताई म्हणायची, "लग्नातल्या मापावर आणून ठेवलंत मला." यावर आम्ही तिघंही हसायचो.

सहाव्या गाऊनच्या वेळी गळ्याचं माप घेताना भावोजींच्या बोटांना तिच्या मानेत गाठ लागली. मोठ्या दवाखान्यात त्या गाठीचा तुकडा काढून तपासला.

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

भावोजींना वही उघडावी लागली नाही. "मागच्या वर्षीच्या सुरुवातीला कंबर चौतीस. मग तेहतीस. साडेबत्तीस. एकतीस..." पुढच्या दोन आकड्यांसाठी त्यांनी वहीच डॉक्टरबाईंपुढे सरकवली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अंगावर काही न उठता खाज महिनोन् महिने टिकली, तर कातडीच्या आत शोधावं लागतं. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्त. यांना लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, मानेतली गाठ त्याचीच. लवकर कळला तर तो औषधाला चांगली दाद देतो. आता पसरलाय. तरी आपण सुरुवात करू."

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. "टेप तुमच्याच हातात होती ना, भावोजी? सहा वेळा माप घेतलंत. दिसलं नाही तुम्हाला?"

चाकाच्या खुर्चीतून ताई म्हणाली, "आणि तू रोज माझ्या समोर बसून जेवायचीस. तुला दिसलं?"

माझ्यावर इतक्या हळू आवाजात ती कधी रागावली नव्हती.

औषध सुरू झालं आणि आठवड्याभरात खाज थांबली. पार थांबली. ताई दुपारभर हात न हलवता झोपली. भावोजी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "खाज गेली हिची, आता बरी होणार." त्यांचा आनंद बघून मलाही तसंच वाटायला लागलं. औषधांनी प्रतिकारशक्ती घटली होती; चौथ्या महिन्यात तिच्या छातीत संसर्ग झाला आणि तीन दिवसांत ती गेली. खाज मात्र शेवटपर्यंत परत आली नव्हती.

भावोजींची माफी मागायची राहून गेली. रोज समोरासमोर बसून काम करतो, धागा द्या, कात्री द्या, एवढंच बोलतो. परवा मला कोट शिवायचा होता. त्यांनी कमरेचं माप घेतलं, टेप सोडली, पुन्हा गुंडाळून घेतलं. माझं माप गेल्या वर्षीइतकंच होतं, मला ठाऊक होतं. त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं.

"जेवण जातंय ना गं तुला नीट?" त्यांनी विचारलं.

तेव्हा तरी म्हणायचं होतं, भावोजी, माझं चुकलं.

"जातंय," मी म्हटलं.