दोन आडनावांचे सर

अंबरनाथ पश्चिमेच्या बुद्धविहारात ते वाघमारे सर होते. बदलापूरला, शिरगावच्या फ्लॅटच्या दारावर मात्र ‘वडगावकर’ अशी पाटी होती. वाघमारे म्हटल्यावर दोन सोसायट्यांनी जागा नाकारली, तेव्हा त्यांनी गावावरून रीतसर नवं आडनाव घेतलं.

दर रविवारी विहारात ते मुलांना इतिहास शिकवत. स्थानिक बातमीदार म्हणून मी गेलो, त्या दिवशी विषय होता शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले काळे लोक.

“ट्राममध्ये वेगळं बसा म्हणाले ना? मग हे चढलेच नाहीत. चालत कामाला गेले. पाय दुखले, पण भाडं नाय दिलं. काहींनी पेपर काढले, काही कोर्टात गेले. काहींनी गावच सोडलं. तो पण एक जवाब असतो, लिहून घ्या.”

प्रज्ञा नावाच्या मुलीने विचारलं, “सर, ज्यांचा रंग उजळ होता ते?”

“त्यातले काही गोऱ्यांत मिसळून गेले. नाव बदललं, वस्ती बदलली.”

“मग त्यांची आई कुठं राहायची?”

सरांनी खडू ठेवला. वर्ग लवकर सुटला.

स्टेशनकडे चालताना ते मला म्हणाले, की आई, सुंदराबाई, एकदा शिरगावला आली होती. नऊवारी, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. लिफ्टपाशी सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, “वडगावकर, या कोण?” सर म्हणाले, “गावाकडच्या मावशी.” आई वर आली, पाणी प्यायली. “मावशीनं किती येळ थांबायचं असतंय?” एवढंच म्हणाली आणि त्याच संध्याकाळी अंबरनाथला आपल्या खोलीवर परतली.

त्यानंतर तिने त्यांना ‘बाळू’ म्हणणं सोडलं. रविवारी वर्ग संपवून ते खोलीवर गेले की म्हणायची, “या सर. बसा सर. च्या घेनार ना?”

“शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो,” सर म्हणत. “ती मान देते.”

पुढे तिला विसर पडू लागला. एकटं ठेवणं शक्य नव्हतं. सर तिला शिरगावला घेऊन आले. लिफ्टपाशी सेक्रेटरी उभेच होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी सर मोठ्याने म्हणाले, “ही माझी आई. सुंदराबाई वाघमारे.”

“असं होय? या आजी,” म्हणत सेक्रेटरींनी लिफ्टचं दार धरलं.

आई आत गेली नाही. तिने सरांच्या हातातून हात सोडवून घेतला.

“सर,” ती म्हणाली, “मला घरी सोडा. माझा बाळू यायचाय.”