निळ्या फितीची तिवरं

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकेल. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

उलव्याच्या खाडीकडेला आमच्या गावच्या बायकांना खारफुटीची तिवरं लावायचं काम मिळालं होतं. पैसे पावणे गावातल्या एका कारखान्याचे. कामावर देखरेखीला असलेल्या मॅडमने पहिल्या दिवशीच समजावलं – कारखाना धुरातून जेवढा कार्बन सोडतो, तेवढा ही झाडं वाढता वाढता ओढून घेतील, मग त्याचा भार शून्य. पण मोजायची फक्त आपण लावलेली. आपोआप उगवलेलं तिवर आपल्याशिवायही उगवलंच असतं – त्याच्या नावावर नवा धूर कसा फिटेल?

मला हे कळलं नव्हतं, असं म्हणू? नाही. खाडीकाठी वाढलेय मी. मला सगळ्यांच्या आधी कळलं.

प्रत्येकीला लावणीसाठी चिखलाची एक पट्टी. जगलेल्या रोपाला निळी फीत बांधायची. माझी रोपं आधी पिवळी पडली, मग काळी. मॅडम सगळ्यांसमोर विचारेल आणि माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही – ही एवढीच भीती. मोजणीच्या आदल्या दिवशी ओहोटीला एकटी गेले. मेलेली उपटून पाण्यात सोडली. आणि फिती – फिती मी पट्टीच्या टोकाला, पाण्यालगत आपोआप उगवलेल्या तिवरांना बांधल्या.

शेजारची पट्टी माझ्या जावेची, हिराची. तिने मोजणीला सरळ सांगितलं, "माजी मेलीन, मॅडम. खोटा कशाला सांगू?"

मॅडमने माझ्या फितींकडे बोट केलं. "शेजारीच यांची जगलीत ना, हिराताई? मग तुमचीच कशी मरतात? लक्ष नाही तुमचं."

हिरा वाकली. माझ्या एका तिवराच्या बुडाशी तिने बोटं घातली. आम्ही लावलेल्या रोपाला पिशवीतल्या तांबड्या मातीचा गोळा असतो. इथे नुसता काळा चिखल. तिने बोटं बघितली, मग मला बघितलं. आता बोलेल – आता. मी तरी बोलायचं होतं ना? दोन शब्द. माझीही मेली.

मी फितीची गाठ सारखी करत राहिले.

"हिच्या हाताला गुन हाय, मॅडम," हिरा म्हणाली, आणि बोटं साडीला पुसली.

तिचं काम गेलं. तिची पट्टी मला मिळाली – चार महिने तिचा रोज मी घेतला. त्या पट्टीत मी लावलेली नवी रोपंही मेली, तेव्हा कुठे कोणी बघायला आलं. खाडीत टाकलेल्या मातीच्या भरावाने आमच्या पट्ट्यांकडे येणारं भरतीचं पाणीच अडवलं होतं. हिराचा दोष नव्हताच. तेव्हाही मी गप्प.

ती तिवरं आता कमरेएवढी झालीत. फीत सालीत रुतलीय. कारखान्याच्या फलकावर त्यांचा फोटो आहे. त्यांच्या नावावर सोडलेला धूर मात्र वर तसाच आहे, हे फक्त मला ठाऊक आहे. मला आणि हिराला.

तिला मी थोडे थोडे पैसे देत आले. पहिल्यांदा म्हणाली, "कसले गो?" मी म्हटलं, "तुझेच." पुन्हा तिने विचारलं नाही. काल शेवटचे पाचशे दिले. चार महिन्यांचा रोज पुरा झाला. तिने नोट घडी करून कमरेला खोचली.