नसबंदीचा कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय.

मी सोलापुरात गिरणीत होतो, मागावर. आणीबाणीत नसबंदीची शिबिरं चालली होती. दोन मुलं होती, मीही करून घेतली. बाकीच्यांनी शिबिरात मिळालेला दाखला ट्रंकेत ठेवला. मी खिशात. का? तेच सांगतोय.

पहिली पाळी सुटली की मी गंगव्वाकडे जायचो. अक्कलकोटकडची बाई, धंदा करायची. निरोधशिवाय कुणाला खोलीत घेत नसे — पोट राहायची भीती. मी दाखला पुढे केला. वाचता येत नव्हतं तिला, शिक्का तेवढा बघितला. "कागद हाय म्हंजे तुमचं भ्या न्हाय की," म्हणाली. केवढी ऐट आली होती मला!

मग मला परमा झाला — बायकांकडे जाण्यानं लागणारा रोग, लघवीला आग, पू. तिच्याकडून नव्हे — महिनाभर तिच्याकडे फिरकलोच नव्हतो, दुसरीकडे गेलो होतो. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि बजावलं, पुरतं बरं होईपर्यंत कुठं जायचं नाही, पुढंही निरोध वापरायचा, नसबंदीनं रोग अडत नाही. आमच्या पाळीतल्या कित्येकांना निरोध फक्त मुलं टाळायला असतो असं वाटायचं. मला तसं म्हणायची सोय नाही. मला सांगितलं होतं.

बायको जेऊरला माहेरी होती. ती यायच्या आत बरं व्हायचं, तिला काही लागू द्यायचं नाही — एवढी एकच धास्ती. आणि तरी, चौथ्या दिवशी — गंगव्वाकडे गेलो.

निरोधचं पाकीट खिशात होतं, दाखल्याला लागूनच. हात दोनदा खिशात गेला. पण काढलं तर ती विचारणार, आजच का? काय सांगणार होतो — रोग आहे म्हणून? चारचौघींत अब्रू काढली असती तिनं. पाकीट खिशातच राहिलं.

पुढचे काही आठवडे जिवाला घोर — तिचा नव्हे, तिला कळलं तर काय याचा. मी बरा झालो, बायको आली. मग एका दुपारी गेलो, तर गंगव्वा दारातच आडवी आली. चेहरा उतरलेला, हात ओटीपोटावर.

"माघारी जावा. मला परमा झालाय. कुना मेल्याचा निरोध फाटला आसंल. तुमाला लागंल, घरी बायको हाय तुमची."

माझ्यावर संशयच नाही. माझ्याकडे कागद होता ना!

त्या वेळी मला काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. "जप," म्हणालो आणि वळलो. डॉक्टरांचं नावही सांगितलं नाही — त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं असतं तर?

पुन्हा त्या बोळात गेलो नाही. तिचं काय झालं, मला माहीत नाही. दवाखाना तिच्या दारापासून पाच मिनिटांवर होता.