शाळेत उपलब्ध सोय

शिक्षण कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनकडे पाठ करून बसणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. आत्यांचं काम सांगायला सोपं होतं: ज्या मुलांना शाळा घेत नाहीत, त्यांना शाळा शोधून द्यायची. यात त्यांची बावीस वर्षं गेली. 'आमच्याकडे सोय नाही' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की फोनवर हेडमास्तर ते म्हणेपर्यंत त्या चहा ढवळून घेत.

प्रत्येक मुलाचा निरीक्षणाचा एक कागद असे. त्यावर नाव नाही, फक्त फाइलचा नंबर. मूल कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, आणि तळाशी एक रकाना: शाळेत उपलब्ध सोय. एका वर्षी छापखान्याने कोरे कागद दुप्पट पाठवले. आत्यांना ते टाकवेनात. मग त्यांनी त्यांवर शाळांचीच निरीक्षणं लिहायला घेतली. पोर ज्यांच्या पदरात टाकायचं त्यांचा स्वभाव नको का ठाऊक असायला? कुठल्या जिन्याला कठडा नाही, कुठल्या बाई चिडक्या, कुठले हेडमास्तर कसे, सगळं त्याच रकान्यांत आणि त्याच भाषेत, फक्त वर ना नाव, ना नंबर.

त्या महिन्यात त्यांच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती. हुशार पोर, घड्याळाचं वेड. पण शाळेची घंटा झाली की टेबलाखाली शिरून ओरडायची. सहा शाळांनी तिला परत पाठवलं होतं. तीस तारखेपर्यंत जागा मिळाली नाही, तर तिला सात तासांवरच्या वसतिगृहात जावं लागणार होतं. तिथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक कपड्यावर नंबर शिवायचा असतो. आई रोज कचेरीच्या बाकावर बसून तेच करी. एकेचाळीस, एकेचाळीस. फ्रॉक संपले होते, आता मोजे चालले होते.

"मोजे राहू द्या की थोडे दिवस," आत्या म्हणाल्या.

"हात रिकामे ठेवले की रडू येतं, आत्या." आईने दाताने दोरा तोडला.

सत्तावीस तारखेला सातव्या शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. नकार देण्यात या गृहस्थांचा हात कोणी धरू शकत नसे. आत्यांनी सवयीने चमचा उचलला.

"पाठवा त्या मुलीला."

चमचा थांबला. "फाइल वाचलीत ना, सर?"

"कागद वाचला. यात अडचण कसली? तुम्ही लोक उगाच बाऊ करता."

आत्यांनी फोन ठेवला, देवाला हात जोडले आणि ट्रे पुढे ओढला. शाळेला पाठवला असं त्या समजत होत्या, तो मुलीचा कागद ट्रेमध्येच होता. शाळांच्या गठ्ठ्यातून मात्र याच हेडमास्तरांचा कागद नाहीसा झाला होता. त्यातला मजकूर त्यांना पाठ होता: 'नव्या माणसाच्या डोळ्यांत बघत नाही. टेबलावरच्या वस्तू हलवल्या की बिथरतं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं. घंटेच्या मिनिटभर आधी दार लावून घेतं.'

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी हे भावजयीला सांगितलं.

"जागा मिळाली ना? मग तोंडाला कुलूप लावा, ताई," भावजय म्हणाली. "मी सकाळीच देवाला त्या पोरीचं सांगितलं होतं. त्यानेच कागद बदलला असेल."

"देवाने बदलला असता तर वर नंबर तरी घातला असता."

"तुमचं आपलं काहीतरीच."

"अगं, पहिल्याच घंटेला पोर टेबलाखाली गेली म्हणजे? सातव्यांदा परत येईल. आणि ती कशी आहे हे त्यांना ठाऊकच नाही."

भावजयीने थोडा वेळ शेंगा सोलल्या. "बरं, मग खरं काय ते सांगून टाका. मी देवाला तसं कळवते."

दुसऱ्या दिवशी आत्या मायलेकींना घेऊन शाळेत गेल्या. हेडमास्तरांच्या टेबलावर तीन पेनं, पट्टी आणि कात्री एका रेषेत होती. आत्यांनी मुलीचा कागद पुढे ठेवला. हेडमास्तरांनी आधी तो रेषेत आणला, मग वाचला.

"मग आधीचा कागद कोणाचा?"

"तुमचा, सर."

आईची सुई मोज्यातच राहिली. हेडमास्तरांनी खणातून तो कागद काढून वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"एकच वाक्य पुन्हा पुन्हा? कुठलं वाक्य?"

"आमच्याकडे सोय नाही."

"नाहीच आहे आमच्याकडे सो..." हेडमास्तर म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते दार लावायला उठले. दाराशी मुलगी आधीच उभी होती, कडीवर हात ठेवून. भिंतीवरचं वेळापत्रक तिने आल्याआल्याच वाचून काढलं होतं.

"दहा एकोणसाठ," ती म्हणाली आणि तिने दार लावलं.

घंटा झाली. मुलीने कान घट्ट दाबले, डोळे मिटले. पण ती उभी होती. शेजारी हेडमास्तरही दाराला पाठ लावून उभे होते.

"पुढची कधी?" हेडमास्तरांनी भिंतीला विचारलं.

"अकरा चाळीस," मुलीने भिंतीलाच सांगितलं.

"घंटेच्या आधी इथे यायचं. रोज. उशीर चालणार नाही."

"अकरा एकोणचाळीसला."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी बसून सही केली. आईने नंबर उसवायला कात्री मागितली. हेडमास्तरांनी ती दिली, आणि होती तिथेच परत ठेवा म्हणून दोनदा सांगितलं.

आत्यांनी दुसरा कागद मागायला हात पुढे केला.

"राहू दे तो इथेच," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी तो खणात ठेवला.

मग आत्यांनी मुलीचा कागद ओढला, आणि तळाच्या रकान्यात, शाळेत उपलब्ध सोय, पुढे लिहिलं: दार.