अकरा मिनिटं मागे

शोभाचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. शोभा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नानाची बायको. ती इतक्या सकाळी कधी फोन करत नाही. "अक्का, यांना पहाटे दवाखान्यात आणलंय. छातीत दुखत होतं. शुद्धीवर आहेत, सारखं तुम्हालाच विचारताहेत. या तुम्ही." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी. धुळ्याहून जळगावला जाणारी साडेसहाची गाडी आरामात मिळत होती. गॅस बंद केला, दोन पातळं पिशवीत कोंबली, देवापुढे दिवा लावला, शेजारी किल्ली दिली आणि घड्याळात सव्वासहा व्हायच्या आत रिक्षात बसले. स्टँडवर पोचले तर फलाट रिकामा. तिथला कंट्रोलर म्हणाला, "गई ना माय, आतेच गई." पुढची गाडी तासाभरानं होती. कुणाची मोटार मागावी एवढंही मला सुचलं नाही. बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले... मी जळगावला पोचले तेव्हा नानाला जाऊन अर्धा तास झाला होता.

"आई, मोबाइल हातात होता ना तुझ्या?" माझी मुलगी नंतर म्हणाली. होता. पण वेळ बघायची म्हटली की माझी मान वर भिंतीकडेच जाते. ते घड्याळ नानानं दिलेलं. नानाचं घड्याळ चुकेल हे माझ्या मनात येणंच शक्य नव्हतं.

नाना विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होता. आयुष्यभर काट्यांकडे बघण्याची नोकरी केली आणि घरी येऊनही तेच केलं. जळगावात पिंप्राळ्यातल्या त्याच्या घरात पुढच्या खोलीच्या भिंतीला कोणता रंग दिलाय ते कुणाला सांगता आलं नसतं, इतकी घड्याळं. सगळी जुनी, वायर-पिनवाली, थेट विजेवर चालणारी. एक साक्रीच्या बाजारात भंगाराच्या ढिगात सापडलेलं, एक पहूरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून उतरवून आणलेलं. त्यांना टिकटिक नसते, नुसती बारीक गुणगुण असते. सेलवर चालणाऱ्या घड्याळाला तो खेळणं म्हणायचा. विजेवरच्यांतही त्याची आवडनिवड होती. काही घड्याळं लाइट गेल्यावर थांबतात आणि आली की आपली आपण चालू होतात. मधला वेळ गिळून टाकतात आणि चुकीची वेळ बिनधास्त दाखवत बसतात. त्यांचा त्याला भारी राग. काही मात्र एकदा थांबली की थांबली. मागची बारीक कळ बोटानं फिरवल्याशिवाय हलत नाहीत. ती त्याची लाडकी. त्यातलंच एक त्यानं माझ्या नव्या घराला आणून दिलं. स्टुलावर चढून खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "अक्का, लाइट गई का हाई थांबी जास. पन लबाड बोलत नही."

तेव्हापासून आमची एक रीतच पडली. लाइट जाऊन आली की मी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावायचे, कळ फिरवायचे आणि नानाला फोन करायचे. तो तिकडून वेळ सांगायचा, मी इकडून. जुळलं की म्हणायचा, "बरोबर शे." एवढ्या दोन शब्दांसाठी फोन! माझे मिस्टर हसायचे. त्यांच्यामागे तोच फोन मला आधाराचा वाटायला लागला.

तो फोन माझ्यामुळे बंद पडला. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, मुहूर्त आलेला. नाना घाईघाईनं पुढे आला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात भटजींना म्हणाला, "हॉलचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. मुहूर्त टळला." भटजी गप्प झाले. व्याह्यांच्या घरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लग्न लागलं, सगळं नीट झालं, मुलगी सुखात आहे. पण पाहुणे पांगल्यावर मी त्याला कोपऱ्यात घेऊन वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुला माणसांपेक्षा घड्याळं जवळची. म्हटलं, यापुढे माझ्या घरात घड्याळाबद्दल एक शब्द काढलास तर बघ. दे शब्द. तो लहानपणी मार खाताना उभा राहायचा तसा खाली मान घालून उभा होता. "दिला," म्हणाला.

नंतर आम्ही बोलू लागलो, जाणं-येणं राहिलं. भाऊबीजही चुकली नाही. फक्त तो फोन करावासा मला वाटेना. मग गुडघे दुखायला लागले, स्टुलावर चढणं होईना, म्हणून वायरमनला सांगून मी ते घड्याळ इन्व्हर्टरवर घेतलं. आता ते थांबेचना. थांबतच नाही म्हटल्यावर लावायचं तरी कशाला? इन्व्हर्टरची वीज मंडळाच्या विजेसारखी मोजून-मापून येत नाही, तिच्यावर असं घड्याळ दर वेळी थोडं थोडं मागे पडत जातं, हे मला आता कळलंय. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे रोज तीन-चार तास लाइट जात होती.

जायच्या महिनाभर आधी नाना आणि शोभा माझ्याकडे राहून गेले. मला आठवतं, आल्या आल्या त्यानं भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, वायर कुठे जाते ते नजरेनंच शोधलं. तोंड उघडलं... आणि म्हणाला, "चहा टाक ना अक्का."

त्याच्या तेराव्यानंतर शोभा भांडी आवरत होती. मी तिला गाडी चुकल्याचं सांगितलं. घरी परतल्यावर वेळ ताडून पाहिली तर माझं घड्याळ अकरा मिनिटं मागे निघालं, तेही सांगितलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग हळू म्हणाली, "तुमच्याकडून परत येताना बसमध्ये बोलले होते हो. म्हणे, अक्कानी घड्याळ इन्व्हर्टरवर लायेल शे, आठ मिनिट मांगे पडनं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, तिले शब्द देयेल शे." तिनं पदर डोळ्यांना लावला. "दवाखान्यात मला सारखं विचारत होते, अक्का निंघनी का? कितला वाजनात?"

अर्ध्या मिनिटाची चूक ज्याला सहन होत नव्हती, त्यानं माझ्या घरातली आठ मिनिटं मुकाट्यानं गिळली. माझ्यासाठी. तो बोलला असता तर मी चिडले असते, दोन दिवस फुगून बसले असते. पण साडेसहाची गाडी मला मिळाली असती. त्याचा हात हातात घेता आला असता. हे मी कोणाला सांगू, आणि सांगून काय होणार आहे...

घड्याळ मी इन्व्हर्टरवरून काढलंय. परवा दुपारी लाइट गेली आणि ते एकाएकी थांबलं. किती दिवसांनी! लाइट आल्यावर रेडिओ लावून बसले. शेजारणीला स्टूल धरायला बोलावलं, कशीबशी वर चढले, काटे जुळवले, ठोक्याबरोबर मागची कळ फिरवली. गुणगुण सुरू झाली. खाली उतरून सवयीनं मोबाइल हातात घेतला, नानाचं नाव काढलं. शोभानं त्याचा फोन बंद करून कपाटात ठेवलाय, हे मला ठाऊक होतं. तरी लावला. बंद असल्याचं सांगणाऱ्या त्या बाईचं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि म्हटलं, "नाना, तीन वाजून दोन मिनिटं. तुझा शब्द तुला परत दिला रे. आता तरी बोल... बरोबर शे का?"